दीडशे पावलं

वडिलांचा नांगर मातीत कधी चालला नाही.
काउंटीच्या पिवळ्या ट्रकला पुढे अकरा फुटी पातं,
मागे वाळू, मीठ,
आणि मधे वर्लिन टॉस्ट्रुड,
कानटोपी ओढून, थर्मास मांड्यांत धरून.
पहाटे तीनला निघायचे.
आई पांघरुणातूनच विचारायची, "किती पडलाय?"
"आहे थोडा."
गुडघाभर असला तरी थोडाच.

त्यांच्या वाट्याला चौतीस मैल खडीचा रस्ता.
आधी डेअरीकडचा, कारण दुधाचा टँकर सहाला येई.
मग म्हाताऱ्या इंगाचा, तिचं मंगळवारी डायलिसिस.
मग शाळेची बस वळते तो कोपरा.
मग ग्रँट हूफर,
ज्यानं कुंपणावरून आम्हाला दोन वर्षं कोर्टात खेचलं,
त्याच्या फाटकापर्यंतही कड कशी सुरीनं कापल्यासारखी.

आमची वाट मात्र खाजगी.
मेलबॉक्सपासून पायरीपर्यंत दीडशे पावलं,
मी लहानपणी मोजलेली.
तिथं काउंटीचं डिझेल जाळायचं नाही, हा त्यांचा नियम.
आई पायरीकडून फावडं मारत यायची,
ते शेडमध्ये ट्रक लावून परतले की मेलबॉक्सकडून.
कुठंतरी मधे भेटायची दोघं.
बोलायचं कुणी नाही.
ती फावडं त्यांच्या हातात द्यायची
आणि टर्कीच्या कारखान्यात पाळीला जायची.
"लष्कराच्या भाकऱ्या" असा शब्द तिच्या भाषेत नव्हता,
पण फावडं द्यायची तिची एक तऱ्हा होती.

लाइल एकोणीसचा झाला त्या हिवाळ्यात
जेवणाच्या टेबलावर म्हणाला,
"जन्मभर केलंत काय तुम्ही?
पडलेला बाजूला सारलात.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला."
वडिलांनी बटाट्यावर मीठ घातलं.
पुन्हा घातलं.
खाल्ला तसाच.

वादळाचा इशारा होता,
म्हणून ट्रक त्या रात्री मेलबॉक्सपाशीच उभा.
दोनच्या सुमारास बाहेर चाकं फिरण्याचा आवाज,
जागच्या जागी, रडवेला.
लाइलची शेवरोले, मागच्या सीटवर बॅग, पुढे कमरेइतका बर्फ.
मी खिडकीशी. आई माझ्या मागे, अनवाणी.
वडील पँटवर कोट चढवून गेले.
आम्हाला वाटलं, आता हाताला धरून आत आणतील.

पिवळा दिवा फिरू लागला.
पातं खाली आलं
आणि आमच्या वाटेवर, पहिल्यांदाच,
ट्रक पायरीपर्यंत चालत आला.
गाडीला वळसा घालून पुन्हा पुढे झाला.
मग निघाले दोघे, नांगर पुढे, पोरगा मागे,
अकरा मैल, हायवे लागेपर्यंत.

लाइलनं हे मला फार वर्षांनी सांगितलं:
फाट्यावर वडिलांनी ट्रक कडेला घेतला,
काच खाली केली नाही.
स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, बस.
आमच्याकडे रस्त्यावर समोरून येणाऱ्या
कुणाही परक्याला एवढं करतातच.
"पण ते बोट," लाइल म्हणाला,
आणि पुढे बोललाच नाही.

त्या सोमवारी वडील ऑफिसात गेले,
दीडशे पावलांच्या डिझेलचे पैसे भरले.
कारकून डोरीन हसली, तरी पावती फाडली.
एक डॉलर दहा सेंट.
अकरा मैलांचे नाहीत. तो रस्ता काउंटीचा होता.
पावती आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली, बटणांखाली.

आता दुसरा कुणी येतो, तरुण, घाईत.
वडील अंधारात बसून ऐकतात.
"पातं दोन बोटं वर ठेवतोय," म्हणतात.

नाताळात लाइलचा फोन येतो.
आई बोलते, रडते, पाककृती सांगते,
मग रिसीव्हर पुढे करते.
ते घसा साफ करतात.
दरवर्षी तेच विचारतात:
"तिकडचे रस्ते कसे आहेत?"